अनशापोटी

डॉक्टरीणबाईंच्या चष्म्याची डावी काडी सैल झाली होती. रिपोर्ट वाचायला त्यांनी मान खाली घातली की चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर यायचा, त्या बोटानं तो वर सारायच्या, पुन्हा मान खाली, पुन्हा चष्मा खाली. समोरच्या खुर्चीत बसलेल्या तिचं सगळं लक्ष त्या काडीकडे. पर्समध्ये बारका पेचकस असता तर इथल्या इथं आवळून दिला असता स्क्रू, त्यात काय मोठंसं. उभी हयात चष्म्याच्या दुकानात गेलेली; माणूस समोर आला की तिला आधी नाक दिसायचं, मग कान, आणि माणूस सगळ्यात शेवटी. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी काय विचारलं ते पहिल्या खेपेला कानावर पडूनही आत गेलं नाही. त्यांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला, चष्मा काढून हातात घेतला आणि परत विचारलं, गोळी नेमकी कशी घेता?

"अनशापोटी," ती म्हणाली. "उठल्याउठल्या, पाण्याबरोबर."

आणि चहा? चहा तासाभरानं. कॅल्शियमची गोळी? ती दुपारच्या जेवणानंतर, सकाळच्या गोळीच्या आसपाससुद्धा नाही. तीन उत्तरं तिनं एका दमात दिली, शाळेत पाढे म्हणावेत तशी, आणि त्यातलं शेवटचं तेवढं खरं होतं. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट परत उचलला. मग म्हणाल्या, सगळं नीट घेताय तर ही गोळी तुमच्या अंगी का लागत नाही? दर खेपेला वाढवतोय आणि दर खेपेला रक्तातला आकडा आणखी वर. आता आणखी वाढवते, पण यानंही उतरलं नाही तर मोठ्या हॉस्पिटलात पाठवावं लागेल, पोटाच्या तपासण्या, आतड्यांच्या तपासण्या, नळी घालून बघणं, सगळं आलं. मग एकदम आठवल्यासारखं त्यांनी विचारलं, विसरायला होतं का हो हल्ली? ती म्हणाली, वयाप्रमाणं. डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, तुमच्या वयाला एवढं नाही व्हायला पाहिजे, गोळी लागू पडली की यातलं बरंचसं परत येतं, पण फार दिवस असंच चालू ठेवणं बरं नाही. तिनं मान डोलावली, पिशवी उचलली. दाराशी पोचल्यावर मागे वळून सांगितलं की दुकानात या एकदा, काडी आवळून देते, पैसे नकोत.

बाहेर रस्त्यावर लख्ख ऊन होतं आणि तिनं स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावली. लोक अर्ध्या बाह्यांनी हिंडत होते. ही थंडी आतली होती, हाडांच्या आतली, तिला बाहेरच्या हवेशी देणंघेणं नव्हतं. पण आत्ता तिला थंडीचं काही वाटत नव्हतं, वाटत होतं ते त्या खोट्याचं. खोटं बोलायचं तर निदान चाचरावं माणसानं! एवढं गुळगुळीत कसं आलं? पहिल्यांदा निदान झालं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कागदावर गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी काढून दाखवली होती. फुलपाखरासारखी दिसते बघा, त्या म्हणाल्या होत्या. तिला मात्र ते चित्र चष्म्यासारखं दिसलं होतं, दोन काचा आणि मधे नाकावरची पट्टी. तेव्हा तिला हसू आलं होतं, देवानं सगळ्यांना जन्मतःच एक चष्मा देऊन ठेवलाय आणि आमचा तेवढा जुना झाला, असं म्हणून दुकानात तिनं तो विनोद दोनतीनदा सांगितलाही होता. सोपं औषध आहे, डॉक्टरीणबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. एवढीशी गोळी. एकच पथ्य, सकाळी अनशापोटी घ्यायची आणि पुढचा तासभर पोटात पाण्याशिवाय काही जाऊ द्यायचं नाही. चहा नाही, दूध नाही, बिस्किटाचा तुकडा नाही. मानी बाई आहे ही गोळी, त्या म्हणाल्या होत्या, दुसरं कोणी पंगतीला असलं की जेवतच नाही.

सोपं औषध! दुसऱ्या कुठल्याही घरात सोपंच असतं ते. तिच्या घरात ती गोळी नेणं म्हणजे आगीत हात घालणं होतं, आणि हे डॉक्टरीणबाईंना कसं सांगायचं? तिचा नवरा एका कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी होता. मागच्याच वर्षी निवृत्त झाला. दर पाळीला शेकडो माणसं जेवायची त्याच्या हातचं. बोलणं त्याला कधी फार जमलं नाही; लग्नानंतर पहिली काही वर्षं तिला वाटायचं, या माणसाच्या तोंडात भाषा घालायची राहूनच गेलीय. मग हळूहळू कळलं की हा वाढून बोलतो. रागावला की वाढतो, चुकलं की वाढतो, आनंद झाला की ताट ओसंडेपर्यंत वाढतो. कँटीनमध्ये तो भांडी घासायच्या मोरीशी उभा राहून परत येणारी ताटं बघायचा. कोणी काय टाकलं, किती टाकलं, यावरून घरी येऊन सांगायचा की अमक्या खात्यात आज भांडण झालेलं दिसतंय. आणि त्याचा एकच नियम होता, साधा, घराचा नियम म्हणावा असा: उपाशीपोटी कोणी दाराबाहेर पडायचं नाही. पाहुणा असो, नळ दुरुस्त करणारा असो, पोटात चार घास गेल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.

आणि त्याच घरातून त्यांचा मुलगा उपाशीपोटी गेला. एकुलता एक. छापखान्यात नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. लहानपणापासून असा भुकेला की ती त्याला भस्म्या म्हणायची; जेवून उठला की अर्ध्या तासात स्वयंपाकघराच्या दारात उभा, ताटलीवर बोटं वाजवत. त्या दिवशी नवऱ्याची सुट्टी होती आणि त्यानं हौसेनं सकाळी उठून अंडी केली होती, पाव भाजून ठेवले होते, लोणी काढून ठेवलं होतं. मुलगा उठला उशिरा. आदल्या आठवड्यातही दोनदा उशीर झालेला, साहेबाची बोलणी खाल्लेली. बाप दोनदा हाक मारून गेला, अंडी गार झाली, तिसऱ्यांदा बाप दारात उभा राहून बोलायला लागला, काय म्हणाला ते महत्त्वाचं नाही, सगळे बाप म्हणतात तेच. मुलगा बुटांच्या नाड्या बांधत राहिला. पावाचा तुकडा हातात घेऊन ती दाराशी धावली आणि स्वयंपाकघरातून नवऱ्याचा आवाज आला, "जाऊ दे त्याला. एक दिवस उपाशी राहिल्यानं कोणी मरत नाही." मुलगा तोवर एक जिना उतरला होता. खालून त्यानं ओरडून सांगितलं, "आल्यावर खातो गं आई." मग गाडी सुरू झाल्याचा आवाज. वळणावर ट्रक होता. लोकांनी सांगितलं, ट्रकवाल्याची चूक, पोलिसांनीही तेच सांगितलं, भुकेचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. पण हे कोणी कोणाला समजवायचं? नवऱ्यानं ते वाक्य पुन्हा कधी उच्चारलं नाही. तिनंही नाही. उपाशी हा शब्दच त्या घरातून गेला. असं काही ठरवून केलं नव्हतं, मोडक्या खुर्चीवर घरातलं कोणी आपसूकच बसत नाही, तसं झालं.

तेव्हापासून नवरा तिच्या आधी उठतो. तिचे पाय जमिनीला लागायच्या आत तो पलंगाशी उभा असतो, एका हातात दाट दुधाचा चहा, दुसऱ्या हातात ताटली, ताटलीत लोणी लावलेला पाव. ती उठून बसते. तो समोर स्टुलावर बसतो आणि ती खाताना बघतो, मोरीशी उभा राहून बघायचा तसा. ताटली रिकामी झाली की त्याच्या खांद्यांवरचं काहीतरी खाली उतरतं, हे तिला दिसतं, रोज दिसतं. दिवसभरात दोघं जेमतेम बोलतात, पण ही सकाळची पंधरावीस मिनिटं आहेत म्हणून ते अजून नवराबायको आहेत. आता या माणसाला सांगायचं, की मला उपाशी ठेवा? तोच शब्द त्याच्या हातात द्यायचा? डॉक्टरीणबाईंनी अनशापोटी म्हटलं होतं, तो शब्द जरा जुना, जरा मऊ आहे. पण शब्द मऊ म्हणून पोट थोडंच भरतं.

तिनं कमी का उपाय केले? रात्री उशाखाली गोळी ठेवून पहाटे गुपचूप घ्यायची ठरवली, तर पाकिटाचा पत्रा फाटल्याचा एवढासा आवाज झाला आणि पलीकडून, उठलीस का, म्हणत तो पायात चपला सरकवून ओट्याशी गेलासुद्धा. आचाऱ्याची झोप ती, तिला पत्र्याचा आवाज म्हणजे भोंगा. मग रात्रीची वेळ करून बघितली, काही लोक रात्री घेतात म्हणे, जेवणानंतर चांगली फट ठेवून. पण झोपताना कोमट दुधाचा पेला येतो आणि तोही समोर बसून संपवायचा असतो. एकदा तिनं पोट बरं नाही म्हणून चहा नको म्हटलं. तो ताटली घेऊन आत गेला आणि दिवसभर त्यानं स्वतः काही खाल्लं नाही, संध्याकाळी ती घरी आली तेव्हा अंधारात ओट्याशी बसलेला, पाव तसाच ताटलीत, कडा वाळून वर आलेल्या. त्या दिवसानंतर तिनं उपाय करणं सोडून दिलं. सकाळी गोळी जिभेवर ठेवायची आणि त्याच्याच चहाच्या घोटाबरोबर गिळायची. नवऱ्याला वाटायचं, बायको औषध वेळच्या वेळी घेते. औषध घेतलं हे खरं आणि ते फुकट गेलं हेही खरं, अशी दीडदोन वर्षं गेली. जाऊ देत, तिनं स्वतःला सांगितलं होतं. थोडी थंडी वाजते, केस गळतात, आवाज जाडा होतो. परवा दुकानात फोन उचलला तर पलीकडचा माणूस म्हणाला, साहेब, माझा चष्मा झाला का? हसून सोडून द्यायच्या गोष्टी. नवऱ्याची सकाळ वाचते ना, मग तिच्या भुवया विरळ झाल्यानं कोणाचं काय अडलंय.

दुकानात पोचली तेव्हा दुपारची गर्दी ओसरली होती. मालकांनी विचारलं, काय म्हणाली डॉक्टर, ती म्हणाली, काही नाही, आपलं नेहमीचंच. काउंटरवर एकजण फ्रेम बसवून घ्यायला थांबला होता, पंचविशीतला असेल, उंच, हातात हेल्मेट. तिनं काडी गरम हवेवर धरली, मऊ झाली तशी अंगठ्यानं वाकवली, आणि त्याच्या कानामागे बसवून बघितली. हे काम ती झोपेतही करू शकते. माणसाचे दोन कान कधी एका उंचीवर नसतात, हे लोकांना सांगितलं तर पटत नाही. काडी अजून कोमट असणार, किंवा कड टोचली असणार. तो पोरगा दचकला आणि त्याच्या तोंडून निघालं, आई गं. मग दोघंही हसले. सॉरी हां, म्हणत तिनं काडी परत काढून घेतली आणि गरम हवेवर धरली. आणि धरूनच राहिली. आई गं. तिचा मुलगा कसं म्हणायचा? तिनं आत हात घातला, रोज घालते तसा, सवयीनं, कपाटात नेहमीच्या जागी ठेवलेली वस्तू काढायला घालावा तसा, आणि तिथं काही नव्हतं.

शब्द होते. आल्यावर खातो गं आई. शब्द होते तसेच होते, क्रम होता, जिन्याचा घुमारा होता, खालच्या मजल्यावर कोणाचातरी नळ चालू होता तोही होता. आवाज नव्हता. छापलेलं वाचावं तसे शब्द नुसतेच समोर उभे. जाडा होता की बारीक? खर्ज होता का त्यात? लहान असताना तोतरा बोलायचा का जरासा? तिनं दुसरी वाक्यं आठवून बघितली, ताटली वाजवत म्हणायचा ते, तापात बडबडायचा ते, फोनवर मित्रांशी. सगळी मुकी. तोंड हलताना दिसत होतं. मावशी, जळतंय, मालक म्हणाले, आणि तिनं बघितलं तर हातातली काडी वितळून वाकडी झाली होती. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. तिनं त्या पोराची माफी मागितली, नवी फ्रेम मागवू म्हणाली, तो बरा होता बिचारा, असू दे म्हणाला. ती मागच्या खोलीत काचा घासायच्या मशीनशेजारी जाऊन बसली. गेले काही महिने बारीकसारीक गळतच होतं. गिऱ्हाइकांची नावं, गॅस बंद केला की नाही, नेहमीच्या रस्त्यावरचं एखादं वळण. तिनं मनाला लावून घेतलं नव्हतं. गळू दे, म्हटलं, जे महत्त्वाचं ते आत खोल ठेवलंय. आता कळलं की आतबाहेर असं काही नसतं. भिंतीला ओल लागली की ती बघून बघून चांगल्या वस्तू सोडत नाही. पोराचा एक फोटो होता, कपडे होते, आवाज कशातही उतरवलेला नव्हता. तो फक्त तिच्यात होता, आणि ती रोज सकाळी चहाच्या घोटाबरोबर तो थोडाथोडा धुऊन टाकत होती. परत येतं त्यातलं बरंचसं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. बरंचसं म्हणजे किती? फार दिवस असंच चालवलं तर काय उरतं? एका बाजूला नवऱ्याची सकाळ आणि दुसऱ्या बाजूला मुलाचा आवाज, आणि यातलं एकच ठेवता येतं, हे तिला मशीनच्या थंड पत्र्याला टेकून बसल्याबसल्या स्पष्ट दिसलं. ती रडली. बऱ्याच दिवसांनी रडली, आणि रडतानाचा स्वतःचा आवाजही तिला परका वाटला, जाडा, कोणा पुरुषाचा असावा तसा.

संध्याकाळी घरी आली तर घरभर सुपाचा वास होता. नवरा ओट्याशी पाठमोरा उभा, मान किंचित वाकलेली. हल्ली त्याची पाठ म्हाताऱ्या माणसाची दिसायला लागली होती. त्यानं वळून न बघता विचारलं, काय म्हणाल्या? ती म्हणाली, गोळी वाढवली. तो थोडा वेळ पातेल्यात डाव फिरवत राहिला. मग म्हणाला, अंगी लागत नसेल, अंगात ताकद नसली की औषधही लागत नाही, उद्यापासून सकाळी पावाबरोबर अंडंही देत जातो. देवा रे, तिच्या मनात आलं. तिनं एकदोनदा तोंड उघडलं. आता सांगावं, आता सांगावं म्हणता म्हणता सूप संपलं, पाव संपला, नवऱ्यानं ताटाकडे बघून मान हलवली. सांगायला वाक्य सापडत नव्हतं. कसंही बांधलं तरी त्यात तो शब्द यायचाच, जिन्यात उलटून सुलटून फर्निचर न्यावं आणि एक पाय कुठंतरी अडकावाच, तसं. अंथरुणात पडल्यावर तिनं परत त्या आवाजाचा शोध घेतला. नव्हता. पलीकडे नवऱ्याचा झोपेतला संथ श्वास ऐकू येत होता, आणि पहिल्यांदाच तिला त्याचा राग आला, सरळ, स्वच्छ राग. तू बोललास ते वाक्य, आणि त्याची फेड मी करतेय, रोज लोणी लावून. मग त्या रागाची लाज वाटली, पण लाज वाटली म्हणून राग गेला नाही. दोन्ही घेऊन ती झोपली.

सकाळी डोळे उघडले तेव्हा तो स्टुलाशी उभा होताच. चहाची वाफ, ताटलीत पाव, आणि आज बाजूला सोललेलं अंडं, पांढरं, ओलसर. ती उठून बसली. उशाखालून पाकीट काढलं, गोळी तळहातावर घेतली. तो ताटली पुढे करून उभा राहिला. तिनं हात पुढे केला नाही. म्हणाली, आधी पाणी द्या. त्यानं ताटली स्टुलावर ठेवली, पाण्याचा पेला आणून दिला. तिनं गोळी जिभेवर ठेवली आणि पाण्याबरोबर गिळली, सगळं पाणी प्यायली, आणि पेला खाली ठेवून बोलायला लागली. डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणाली, ही गोळी घेतली की तासभर काही खायचं नाही. चहासुद्धा नाही. मी इतके दिवस तुमच्यासमोर खात होते, म्हणून ती लागू पडत नाही. गोळीचा दोष नाही, माझाच आहे. नवरा ऐकत होता की नाही, कळत नव्हतं. त्याचे डोळे ताटलीवर होते. तो इतकंच म्हणाला, पण चहा गार होईल. मग म्हणाला, एवढंसं खा, निदान अंडं खा, एवढ्याशानं काय होतंय. आणि त्यानं ताटली परत उचलली, अंड्याची बाजू तिच्याकडे वळवून धरली, आणि ते बघून तिला काहीही करून त्याला धीर द्यावासा वाटला, कोणी लहान पोराला म्हणावं तसं काहीतरी हलकं, रोजचं, घरोघरी म्हणतात तसं.

"अहो, तासभर उपाशी राहिल्यानं कोणी मरत नाही."

तोंडातून गेल्यावर तिला ऐकू आलं. खोलीत चहाची वाफ तेवढी हलत होती. तिला वाटलं, आता हा ताटली टाकेल, किंवा निघून जाईल आत आणि अंधारात बसेल, आणि या खेपेला कायमचाच. त्यानं ताटली अलगद खाली ठेवली. मग तो स्टुलावर न बसता पलंगाच्या कडेवर बसला, तिच्या शेजारी, इतक्या वर्षांत सकाळी कधी बसला नव्हता तिथं. दोघांचीही तोंडं भिंतीकडे. खाली रस्त्यावर कोणी दुकानाचं शटर वर केलं.

"मी म्हटलं होतं ते," तो म्हणाला. "हेच."

हो, ती म्हणाली. ती त्याला काहीबाही सांगणार होती, की तुमचा दोष नव्हता, ट्रक होता, वळण होतं, पण हे सगळं तिनं मनातल्या मनात इतक्यांदा सांगून झालं होतं की बाहेर काढायला त्यात जीव उरला नव्हता. त्याऐवजी तिनं खरं ते सांगितलं. तिनं सांगितलं की तिला पोराचा आवाज आठवत नाहीसा झालाय. कालपासून. तोंड दिसतं, शब्द येतात, आवाज येत नाही, आणि या आजारात असं विसरायला होतं, आणि गोळी लागू पडली तर परत येईल असं डॉक्टर म्हणतात, पण खात्रीनं कोण सांगणार. म्हणून तासभर थांबायचंय मला. एवढं बोलून ती थांबली. आपण नवऱ्याकडून काय मागतोय हे तिलाही नीट माहीत नव्हतं. नवरा भिंतीकडे बघत होता. मग त्यानं हात लांब करून रिकाम्या पेल्यावर बोटं वाजवली, टकटक, टकटक, दोन लांब आणि दोन घाईची, पोरगा ताटलीवर वाजवायचा तशी. तिला वाटलं होतं, हे फक्त आपल्याला माहीत आहे. हा माणूस तर तेव्हा कँटीनमध्ये असायचा.

"मला रोज ऐकू येतं," तो म्हणाला. "चहा टाकताना."

आणि मग त्यानं ते म्हटलं. मान जराशी वर करून, जिन्यातून वर हाक मारावी तसं, घसा खरवडला होता तरी मोठ्यानं.

"आल्यावर खातो गं आई."

आवाज त्याचाच होता, म्हाताऱ्याचा, जुन्या तव्यासारखा घासलेला. पण त्यातला तो गं, मधेच उचललेला आणि आईवर सोडून दिलेला, जरा लाडिक, जरा उर्मट, उशीर झालाय आणि तू उगाच काळजी करतेस असा, तो गं नवऱ्याचा नव्हता. तिच्या छातीत तो आत गेला आणि तिथं खाली कुठंतरी, ओल लागलेल्या त्या सगळ्याच्या तळाशी, एक क्षणभर पोराचा आवाज आला. फक्त त्या एका अक्षरापुरता. पुरता खर्ज नव्हता त्यात, अजून कोवळाच होता. हो, असाच. तिनं नवऱ्याचा हात धरला. तो हात गरम होता, आचाऱ्याचे हात असतात तसा, आणि तिचा बर्फासारखा. परत म्हणा, ती म्हणाली. त्यानं परत म्हटलं. दुसऱ्यांदा त्याला नीट जमलं नाही, आवाज मधेच फाटला, आणि तो रडायला लागला, पोर गेलं तेव्हाही रडला नव्हता असा, खांदे हलवत, तोंड उघडं टाकून. तिनं त्याला रडू दिलं. कसली घाई नव्हती. तासभर दुसरं काही करायचंच नव्हतं.

हळूहळू तो बोलायला लागला. ती अंडी त्यानं फेकली नव्हती, म्हणाला. अपघाताचा फोन आला तेव्हा ती झाकून ठेवलेली होती, आल्यावर खातो म्हणाला होता म्हणून. नंतर कोणी काढली, कधी काढली, त्याला माहीत नाही. शेजारणीनं काढली, ती म्हणाली, भांडंही तिनंच घासून दिलं. असं का, तो म्हणाला. त्यानं डोळे पुसले आणि सवयीनं चहाच्या कपाला हात लावून बघितला. चहा गार झाला होता, वर साय धरली होती. दुसरा टाकतो, म्हणत तो उठायला लागला, मग मधेच थांबला आणि तिच्याकडे बघितलं.

"झाला का तास?"

"नाही अजून," ती म्हणाली. "आणि तुम्ही घ्या की चहा, तुम्हाला कुठं गोळी आहे."

नको, तो म्हणाला, मी थांबतो, आणि परत तिच्या शेजारी बसला.